प्रवाह म्हणजे पोथी नव्हे

"त्यात काय एवढं? १८८ बाइटचं पॅकेट, पहिला बाइट हेक्स ४७, पुढच्या तीन बाइटांत पीआयडी आणि चार-दोन फ्लॅग. रविवारी जेवण करून बसलं, तर चहाच्या वेळेपर्यंत पार्सर तयार!"

डिजिटल टेलिव्हिजनच्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीमबद्दल हे बोल मी इतक्या तोंडून ऐकले आहेत, की आता समोरच्यानं 'त्यात काय' म्हटलं की पुढचं मीच पुरं करतो. गंमत अशी, की थोड्या वेळानं त्याच तोंडून दुसरं विधान येतं : "आणि तसंही हे जुनं खोड आहे. आता सगळं इंटरनेटवरून येतं. १९९० च्या दशकातलं हे प्रकरण शिकण्यात वेळ कशाला घालवायचा?" पहिलं विधान म्हणतं, ही गोष्ट शिकण्याइतकी अवघड नाही. दुसरं म्हणतं, ती शिकण्याइतकी जिवंत नाही. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात : शिकू नका.

मला दोन्ही विधानं अमान्य आहेत. दोघांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. ही मंडळी प्रवाहाला फाइल समजतात.

फाइल ही पोथीसारखी असते. तिला पहिलं पान असतं, शेवटचं पान असतं, पानं क्रमानं लावलेली असतात. एखादं पान फाटलं असेल तर ते फाटलेलं दिसतं. प्रक्षेपणाचा प्रवाह हे कीर्तन आहे. ते केव्हाच सुरू झालेलं असतं, तुम्ही मध्येच येऊन मांडवात बसता. बुवा तुमच्यासाठी पहिल्यापासून सुरू करत नाहीत. एखादा शब्द टाळांच्या आवाजात हरवला तर "पुन्हा सांगा" म्हणायची सोय नाही. सोय एवढीच, की ध्रुपद ठरावीक वेळानं फिरून येतं आणि उशिरा आलेल्याला अभंग कुठला चाललाय हे त्यावरून कळतं. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची सगळी रचना या एका परिस्थितीसाठी केलेली आहे. पोथी वाचायच्या सवयीनं कीर्तनाला बसलं, की पुढचे सगळे घोटाळे ओळीनं होतात.

आधी समोरच्याच्या बोलण्यात जे खरं आहे ते मान्य करतो. हेडर खरोखरच लहान आहे. चार बाइट, म्हणजे ३२ बिट. त्यांतले ८ बिट सिंक बाइटचे, १ बिट 'पॅकेट बिघडलंय' हे सांगणारा, १ 'इथून नवा मजकूर सुरू' असं सांगणारा, १ प्राधान्याचा, १३ पीआयडीचे (पॅकेट कुठल्या मजकुराचं हे सांगणारा क्रमांक), २ स्क्रॅम्बलिंगचे, २ अ‍ॅडाप्टेशन फील्डचे आणि ४ सलगतेच्या गणकाचे. एका पानावर मावणारी गोष्ट आहे. वेगाचीही अडचण नाही. केबलच्या ८ मेगाहर्ट्‌झच्या वाहिनीतून ६४-क्वामनं सुमारे ३८ मेगाबिट प्रतिसेकंद येतात. एका पॅकेटचे १,५०४ बिट धरले तर सेकंदाला साधारण २५ हजार पॅकेटं झाली. प्रत्येकाला ४० मायक्रोसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात एक गिगाहर्ट्‌झचा साधा प्रोसेसरही ४० हजार घड्याळी ठोके घेतो. तेव्हा सॉफ्टवेअरला हे झेपणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर तेही चूकच.

म्हणजे आकार लहान आणि वेग पुरेसा, इथपर्यंत आमचं एकमत. वाद पुढचा आहे.

पहिला मुद्दा सिंक बाइटचा. 'हेक्स ४७ शोधा, तिथून १८८ बाइट उचला' हा दुपारच्या पार्सरचा श्रीगणेशा. पण ४७ हा काही राखीव बाइट नव्हे. दाबलेल्या चित्राचा किंवा स्क्रॅम्बल केलेल्या पेलोडचा मजकूर जवळपास यादृच्छिक दिसतो, आणि त्यात ४७ कुठेही येऊ शकतो. हिशोब करून पाहा. सिंक सोडून उरलेल्या १८७ बाइटांपैकी प्रत्येकाची ४७ असण्याची शक्यता २५६ मध्ये १. मग शंभरातल्या सुमारे ५२ पॅकेटांत निदान एक तोतया ४७ सापडतो. अर्ध्याहून जास्त पॅकेटांच्या पोटात खोटा दरवाजा आहे, आणि पहिल्या दिसेल त्या दरवाजातून आत शिरायचं, असा हा कारभार. एक ४७ हा पुरावा होत नाही. बरोबर १८८ बाइटांच्या अंतरानं तो पुन्हा पुन्हा दिसला, तर होतो. प्रक्षेपणाच्या मोजमापासाठी डीव्हीबी या डिजिटल टीव्हीची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं जो टीआर १०१ २९० हा दस्तऐवज केला, त्यात हेच मापात मांडलं आहे. ओळीनं पाच सिंक बाइट बरोबर आले तरच जुळणी झाली असं धरायचं, आणि ओळीनं दोन किंवा अधिक बिघडले तर ती तुटली असं मानायचं. विश्वास ठेवायला पाच साक्षी आणि तो काढून घ्यायला दोन.

दुसरा मुद्दा सी भाषेतल्या एका आळसाचा. हेडरच्या ३२ बिटांचं चित्र पाहिलं की कुणालाही वाटतं, बिटफील्डांचं एक स्ट्रक्चर लिहावं, बफरवर ठेवावं आणि नावानं वाचावं. लिहिलेलं दिसतंही देखणं. पण बिटफील्ड डावीकडून मांडायचे की उजवीकडून, हे सी भाषेचं प्रमाणपत्रक ठरवत नाही. ते कम्पायलरवर सोडलेलं आहे. पीआयडीचे १३ बिट दोन बाइटांत विभागलेले असतात, पाच एकात आणि आठ दुसऱ्यात. टेबलावरच्या संगणकात जमलेला हा देखणेपणा दुसऱ्या प्रोसेसरच्या सेट-टॉप बॉक्सवर गेला की पीआयडी भलताच निघतो. त्या दोनांतल्या पहिल्या बाइटचे खालचे पाच बिट घ्या, आठ घरं सरकवा, दुसरा बाइट जोडा. ही ओळ दिसायला ओबडधोबड आहे, पण कुठेही नेली तरी तेच उत्तर देते.

आणि पीआयडी वाचण्याच्या आधी एक बिट पाहायचा असतो, तो तर दुपारच्या पार्सरांत सहसा नसतोच. डीव्हीबीच्या उपग्रह आणि केबल प्रक्षेपणात मूळ आखणीनुसार १८८ बाइटांना १६ बाइटांची रीड-सॉलोमन शिदोरी जोडून २०४ केले जातात, त्या बळावर पॅकेटमागे आठ बिघडलेले बाइट दुरुस्त होतात. बिघाड त्याहून जास्त असला तर डीमॉड्युलेटर हात टेकतो आणि त्या एका बिटानं तसं सांगून टाकतो. त्याचा अर्थ 'या पॅकेटातल्या कशावरही भरवसा ठेवू नका' असा आहे. कशावरही म्हणजे पीआयडीवरसुद्धा. हा बिट न बघता पीआयडी वाचून पॅकेट त्या त्या रांगेत टाकणारा पार्सर, दारावरचा 'आत साप आहे' हा फलक न वाचता आत जाणाऱ्यासारखा आहे.

आता अ‍ॅडाप्टेशन फील्डकडे येऊ. इथे खरी परीक्षा आहे. हेडरनंतर हे फील्ड असेल तर त्याचा पहिला बाइट लांबी सांगतो आणि दुसऱ्यात फ्लॅग असतात, असं बहुतेक जण पाठ करतात. लांबी शून्य असू शकते, हे मात्र पाठ करायचं राहून जातं. फक्त एका बाइटचं भरताड भरायचं असेल तेव्हा प्रेषक लांबी शून्य लिहितो. मग फ्लॅगचा बाइट नसतोच, लगेच पेलोड सुरू होतो. निष्काळजी पार्सर पेलोडचा पहिला बाइट फ्लॅग समजून वाचतो. त्यातला एखादा बिट योगायोगानं 'पुढे घड्याळाची वेळ आहे' असा निघाला, तर चित्राचे सहा बाइट वेळ म्हणून घेतले जातात आणि काटा कुठल्या कुठे जातो. ही चूक रोज होत नाही, आणि म्हणूनच ती सापडायला महिने लागतात.

उलट्या टोकाची चूक याहून वाईट. बिघडलेल्या पॅकेटात लांबी २०० निघाली असं समजा. पेलोडसाठी उरले १८४ वजा १ वजा २००, म्हणजे उणे १७. ही संख्या चिन्हाशिवायच्या ३२ बिटांच्या चलात ठेवली की उणे १७ चे ४२९ कोटी होतात, आणि पार्सर तेवढे बाइट उचलायला निघतो. एक तर तो कोसळतो, नाही तर दुसऱ्याच्या स्मृतीत हात घालतो. नियम मात्र साधा आहे. पेलोडही असेल तर ही लांबी १८२ पर्यंतच असू शकते, आणि नुसतंच अ‍ॅडाप्टेशन फील्ड असेल तर ती १८३ च असली पाहिजे. दोन तुलनांचं काम. आकाशातून आलेला प्रत्येक बाइट परक्या माणसानं दिलेला आहे, आणि परक्यानं सांगितलेली लांबी मोजल्याशिवाय घ्यायची नसते. कापडाच्या दुकानातही आपण घेत नाही.

सलगतेचा गणक हा पुढचा सापळा. चार बिट, ० ते १५, पुन्हा ०. 'आकडा चुकला की पॅकेट हरवलं' असं एका ओळीत म्हणणारे तीन गोष्टी विसरतात. ज्या पॅकेटात पेलोड नाही, त्यात हा गणक पुढे सरकत नाही. एक पॅकेट तोच आकडा घेऊन दुसऱ्यांदा पाठवायची प्रेषकाला मुभा आहे, ती चूक नव्हे. आणि प्रेषकानं 'इथे मुद्दाम खंड आहे' असा बिट लावला असेल तर आकड्याची उडी कायदेशीर असते. शिवाय ८१९१ हा पीआयडी रिकाम्या पॅकेटांचा असतो, तिथे गणकाला काही अर्थच नाही. एवढं सांभाळूनही एका पीआयडीची बरोबर १६ पॅकेटं गेली, तर गणकाला पत्ता लागत नाही. तो फक्त 'काहीतरी गेलं' म्हणू शकतो, 'काही गेलं नाही' अशी ग्वाही देऊ शकत नाही. हा फरक ज्याला कळला त्याला हरवलेल्या पॅकेटांची संख्या छापण्याचा मोह होत नाही.

मग येतात तक्ते. कीर्तनातलं ध्रुपद ते हेच. शून्य क्रमांकाच्या पीआयडीवर कार्यक्रमांची यादी येते, ती प्रत्येक कार्यक्रमाच्या नकाशाचा पीआयडी सांगते आणि तो नकाशा चित्राचा, आवाजाचा पीआयडी सांगतो. टीआर १०१ २९० च्या मोजपट्टीनुसार ही यादी निदान अर्ध्या सेकंदाला एकदा यायलाच हवी. वाहिनी बदलल्यावर चित्र यायला जो क्षण लागतो, त्यातला थोडा भाग हे ध्रुपद ऐकण्यात जातो.

हे तक्ते पॅकेटच्या मापाचे नसतात. एक तक्ता अनेक पॅकेटांवर पसरतो, आणि एका पॅकेटात एकाची शेपटी आणि दुसऱ्याचं डोकं एकत्र येऊ शकतं. नवा तक्ता कुठे सुरू होतो हे पेलोडच्या पहिल्या बाइटमधला दर्शक सांगतो. दुपारचा पार्सर इथे हमखास एक गोष्ट करतो. 'नवं सुरू' हा बिट दिसला की तो आधीचा बफर रिकामा करतो. दर्शकाच्या अलीकडचे बाइट जुन्या तक्त्याची शेपटी होते, तीच त्यानं फेकलेली असते. कार्यक्रमांची यादी छोटी असते, एका पॅकेटात मावते, म्हणून चाचणीत सगळं छान चालतं. कार्यक्रम-मार्गदर्शिकेचा तक्ता मात्र ४,०९६ बाइटांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे वीसहून जास्त पॅकेटं. तिथे काही वाहिन्यांचे संध्याकाळचे कार्यक्रम दिसतात आणि काहींचे कायमचे गायब असतात. मग दोष प्रक्षेपकाला दिला जातो.

तक्त्याच्या शेवटी ३२ बिटांचा सीआरसी असतो. तो जुळला नाही तर तक्ता टाकून द्यायचा आणि पुढच्या फेरीची वाट पाहायची, 'जेवढं वाचता आलं तेवढं घेऊ' हा उदारपणा करायचा नाही. तक्त्याला आवृत्तीचा क्रमांकही असतो, पाच बिटांचा. ३१ नंतर तो शून्यावर येतो. 'आधीपेक्षा मोठा असेल तरच नवा' अशी अट ज्यानं घातली, त्याचा पार्सर ३१ वर पोचल्यावर सगळे बदल नाकारत बसतो. अट 'वेगळा असेल तर' अशी हवी. एका शब्दाचा फरक.

आता घड्याळ. इथे अनुभवाचं बोलतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सेट-टॉप बॉक्सांबद्दल तक्रार आली, की चित्र अचानक गोठतं. सोमवारी रात्री नऊला गोठलं. मंगळवारी साडेअकराला. बुधवारी तक्रार नाही. मग गुरुवारी पहाटे दोनला. कुणी विजेला दोष दिला, कुणी अँटेनाच्या वायरीला, कुणी बॉक्सच्या उष्णतेला. आम्ही कार्यालयात आठ-आठ तास बॉक्स चालवून पाहिले, काही होईना. शेवटी कुणीतरी वेळा एकाखाली एक लिहिल्या. दोन घटनांमधलं अंतर प्रत्येक वेळी साडेसव्वीस तास होतं.

प्रवाहात प्रेषकाचं घड्याळ पाठवलं जातं. त्याचा मुख्य भाग ३३ बिटांचा असतो आणि तो सेकंदाला ९०,००० ठोके मोजतो. त्याच्या जोडीला नऊ बिट आहेत, ते धरले की घड्याळ २७ मेगाहर्ट्‌झचं होतं. ३३ बिट भरायला २६ तास ३० मिनिटं ४३ सेकंद लागतात, मग घड्याळ शून्यावर येतं. आमच्या कोडमध्ये 'नवी वेळ जुन्या वेळेपेक्षा लहान असेल तर ती चुकीची' अशी एक शहाणी ओळ होती. शून्यावर आलेलं घड्याळ तिला पटत नव्हतं. आठ तासांच्या चाचणीला हे कधीच दिसलं नसतं. ३३ बिटांची संख्या ३२ बिटांच्या चलात कोंबणाऱ्याचं घड्याळ तर सव्वातेरा तासांतच फिरतं. ज्याला वाटतं की पार्सर दुपारी तयार होतो, त्यानं तो दुपारपुरताच तपासलेला असतो.

यानंतरचा मुद्दा आपल्या भाषेचा आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. कार्यक्रमाचं नाव मार्गदर्शिकेत मजकूर म्हणून येतं. डीव्हीबीच्या नियमांनुसार त्या मजकुराचा पहिला बाइट लिपीचा तक्ता निवडतो. तसा बाइट नसेल तर मजकूर रोमन लिपीचा धरला जातो. या निवडीत आयएसओ ८८५९ मालिकेतले बरेच तक्ते आहेत : सिरिलिक, अरबी, ग्रीक, हिब्रू. सातव्या क्रमांकावर थाई, म्हणजे ८८५९-११. नवव्या क्रमांकावर ८८५९-१३. मधला आठवा राखून ठेवलेला. ८८५९-१२ हा भाग देवनागरीसाठी योजला होता, आणि १९९७ मध्ये ते काम सोडून देण्यात आलं. तक्त्यातली ती मोकळी जागा पाहिली की आपल्यासाठी मांडलेलं आणि कधीच न वाढलेलं पान आठवतं.

मराठी नावं म्हणून युनिकोडमध्ये पाठवायची. त्यासाठी पहिला बाइट वेगळा असतो, यूटीएफ-८ साठी हेक्स १५. हा बाइट न पाहता मजकूर छापणारा पार्सर मराठी नावाच्या जागी रोमन चिन्हांचा चिवडा दाखवतो. 'सह्याद्री' हा शब्द घ्या. डोळ्याला तीन अक्षरं, युनिकोडला नऊ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. कार्यक्रमाचं नाव आणि थोडक्यात माहिती ज्या वर्णकात येते त्याची लांबी एका बाइटमध्ये लिहितात, म्हणून ती २५५ च्या वर जात नाही. भाषेचा संकेत आणि दोन लांब्या वजा केल्या की २५० उरतात. इंग्रजीला तेवढी अक्षरं मिळतात. देवनागरीला जेमतेम ८२ चिन्हं, आणि अक्षरं त्याहून कमी. अशा वेळी 'पहिले ३२ बाइट घ्या, पुढचे कापा' असं लिहिणारा माणूस जोडाक्षराच्या मधोमध सुरी चालवतो. इंग्रजी नावांवर चाचणी केली असेल तर त्याला हे कळणारही नाही. कळतं ते मराठी घरातल्या पडद्यावर.

यावर समोरून नेहमीचं उत्तर येतं : "हे सगळं लायब्ररी करते. एफएफएमपेग आहे, व्हीएलसीवाल्यांची तक्ते सोडवणारी लायब्ररी आहे, टीएसडक आहे. चाक पुन्हा कशाला घडवायचं?" हे बोलणं मी उडवून लावणार नाही. माझाही सल्ला आहे, की गिऱ्हाइकाला द्यायच्या वस्तूत या लायब्रऱ्या वापराव्यात. वर सांगितलेल्या बहुतेक सापळ्यांत पडून, उठून त्या शहाण्या झालेल्या आहेत.

पण लायब्ररी तुमच्या वतीनं निर्णय घेत नाही. एखादं पॅकेट बिघडलं आहे. चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं कर्तव्य आहे, की ते झाकावं आणि पुढे चालू ठेवावं. प्रक्षेपण तपासणाऱ्या प्रोग्रॅमचं कर्तव्य आहे, की ते झाकू नये, वेळेसकट नोंदवावं. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं बहुधा ते जसंच्या तसं ठेवावं, कारण पुढे कुणाला काय लागेल हे त्याला माहीत नाही. पॅकेट एकच, कर्तव्यं तीन. त्यातलं आपलं कुठलं, हे लायब्ररीला ठाऊक नसतं. आणि ज्याला सलगतेचा गणक काय सांगतो आणि काय सांगत नाही हेच माहीत नाही, तो लायब्ररीनं दिलेला इशारा एक तर बंद करतो, नाही तर त्यावर नको इतका विश्वास ठेवतो.

राहिलं 'जुनाट' हे विशेषण. आयटीयूनं एच.२२२.० या नावानं हे प्रमाण १९९५ मध्ये मान्य केलं, तेव्हा वय तिशीच्या पुढे गेलं हे खरं. १८८ हा आकडाही त्या काळाची खूण अंगावर बाळगतो. तेव्हा एटीएम जाळ्यांना भविष्य आहे असं मानत. एटीएमच्या ५३ बाइटांच्या पेशीत ४८ बाइट मजकुराचे, त्यातला एक त्याच्या स्वतःच्या कारभाराला गेला की ४७ उरतात. चार पेशी म्हणजे १८८. सिंक बाइटचा हेक्स ४७ मात्र याच्याशी संबंधित नाही, तो दशमानात ७१ आहे. एटीएमचं भविष्य मागे पडलं, १८८ उरलं.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही मीच देतो. दक्षिण कोरियात २०१७ साली सुरू झालेल्या एटीएससी ३.० प्रक्षेपणानं ही पॅकेटं सोडली आणि थेट आयपीचा मार्ग धरला. जपानच्या २०१८ च्या डिसेंबरातल्या ४के-८के उपग्रह प्रक्षेपणानंही वेगळी व्यवस्था घेतली. अ‍ॅपलनं २००९ मध्ये मोबाइलवर व्हिडिओ पाठवायची जी एचएलएस पद्धत काढली तिचे तुकडे ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे होते, आणि २०१६ पासून तिथे एमपी४ च्या तुकड्यांनाही जागा मिळाली. तेव्हा नवी घरं बांधली जात आहेत, यात वाद नाही.

पण जुनं घर ओस पडलं आहे का? डीडी डायरेक्ट प्लस म्हणून २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली आणि आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाणारी सेवा छतावरच्या तबकडीत याच पॅकेटांचा पाऊस पाडते. २०१२ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात केबल डिजिटल झाली, तेव्हा केबलवाल्यानं आणून दिलेल्या डब्यातही हीच पॅकेटं होती. ब्लू-रे चकतीवर त्यांच्यापुढे चार बाइटांची वेळ लावून १९२ केले, आत पॅकेट तेच. स्टुडिओतून मुख्य केंद्राकडे आयपीवरून चित्र पाठवतानाही एका यूडीपी पॅकेटात अशी सात बसवतात, १,३१६ बाइट, कारण इथरनेटच्या १,५०० मध्ये तेवढीच मावतात. ज्या 'इंटरनेटवरून येणाऱ्या' चित्राचा दाखला दिला जातो, त्याच्या वाटेचा मोठा टप्पा ट्रान्सपोर्ट स्ट्रीमनंच कापलेला असतो.

आणि समजा, उद्या हे सगळं खरंच थांबलं, १८८ हा आकडा संग्रहालयात गेला. तरी उशिरा येणारा श्रोता राहणारच आहे. वाटेत पॅकेटं हरवणारच आहेत. प्रेषकाचं घड्याळ आणि आपलं घड्याळ किंचित वेगळ्या चालीनं चालणारच आहेत. आलेली लांबी खोटी असू शकणारच आहे. नव्या व्यवस्था या प्रश्नांना नवी नावं देतात, प्रश्न मोडीत काढत नाहीत. ट्रान्सपोर्ट स्ट्रीम चार बाइटांत आणि काही तक्त्यांत हे सगळे प्रश्न उघडे करून दाखवते. त्यासाठी ती प्रत्येक पॅकेटमागे चार बाइट, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहूनही कमी, हेडरवर खर्च करते. शिकण्यासाठी याहून स्वस्त शाळा मला माहीत नाही.

म्हणून 'त्यात काय एवढं' म्हणणाऱ्यांना माझं आव्हान आहे, आणि ते कुठल्याही साध्या संगणकावर पेलता येतं. एक रेकॉर्डिंग घ्या. त्याचे पहिले ७३ बाइट कापून टाका, म्हणजे ते पॅकेटच्या मधूनच सुरू होईल. मधली काही पॅकेटं काढा, एक दोनदा घाला. काही बाइट वाटेल तसे बदला, त्यात लांबीचे बाइट नक्की असू द्या. आवृत्ती ३१ वरून शून्यावर जाणारा तक्ता द्या. कार्यक्रमाचं नाव मराठीत द्या, जोडाक्षरांसकट. हे सगळं पचवून तुमचा पार्सर उभा राहिला, तर तो प्रत्यक्ष प्रक्षेपणावर लावा आणि २७ तास चालू ठेवा.

तेवढ्यातून तो तरला, तर तयार झाला म्हणा. चहा त्यानंतर घेऊ.